चरात उतरायचं नाही

या देशात, इंग्लंडात, टीव्ही बघायला लायसन्स लागतं. गाडी चालवायला लागतं, नदीत गळ टाकून मासे धरायलाही लागतं. दुसऱ्याचं घर बांधायला मात्र काही लागत नाही. सकाळी उठावं, एक जुनी व्हॅन घ्यावी, तिच्यावर 'बिल्डर' असं रंगवावं, की झाला बिल्डर. माझे यजमान अशाच एका बिल्डरकडे कामाला होते, म्हणून मला हे माहीत.

ते साताऱ्याकडचे गवंडी. इथं आल्यावर थापी सुटली आणि फावडं हातात आलं, कारण इथं वीट रचणारे पुष्कळ होते आणि खणणारे कमी. एका घरामागे ड्रेनेजच्या पाइपसाठी ते चर खणत होते. आदल्या दिवशी पाऊस झाला होता. ते वाकून पाइप बसवत असताना एका बाजूची माती आली. छातीपर्यंत आली. डोकं बाहेर होतं. लोक मला विचारतात, डोकं बाहेर होतं तर माणूस गेला कसा? श्वास घ्यायचा तर छाती फुगावी लागते. मातीनं छाती धरली की श्वास बाहेर जातो, पण आत येत नाही. इस्पितळातल्या डॉक्टरनं मला हे सांगितलं, आणि नको तितकं नीट सांगितलं. अंगावर कुठं खरचटलंसुद्धा नव्हतं.

त्या बिल्डरनं व्हॅनवर दुसरं नाव रंगवलं आणि काम पुढं चालू ठेवलं. आमच्या वेम्बलीतल्या ईलिंग रोडवर भाजी घेताना मी ती व्हॅन पाहिली. नव्या रंगाखालचं जुनं नाव तेव्हाही दिसत होतं.

मुलगा तेव्हा प्रायमरीत होता. मी सँडविचच्या कारखान्यात काम करून त्याला वाढवलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. सोळाव्या वर्षी तो घरी येऊन म्हणाला, "आई, मी ब्रिकलेअर होणार."

"बस चालव," मी म्हटलं. "पोस्टात जा. दुकानात उभा राहा."

"डॅडचा काम आहे तो."

"त्या कामानं डॅडला खाल्लं."

"आई, भिंत वर जाते. मी वर जाणार, खाली नाही."

भिंत वर जाते, पण तिची सुरुवात खालून होते, हे मला तेव्हा सुचलं नाही. सुचलं असतं तरी त्यानं ऐकलं नसतं. त्या दिवसापासून मी भीतीबरोबर राहायला लागले. दिवसा फोन वाजला की हातातलं टाकून मी धावायची. निम्मे फोन खिडक्या विकणाऱ्यांचे असत. त्यांना मी इतक्या आनंदानं 'नको' म्हणायची की ते गोंधळून जात.

दोन हजार सालानंतर केव्हातरी त्यानं स्वतःची कामं घ्यायला सुरुवात केली. कुणाचं बाथरूम, कुणाच्या बागेची भिंत. मोठं काम मिळेना. गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारी, तुमची कुठं नोंदणी आहे का? लोक ठगांना विटले होते. बिल्डरांची एक संघटना होती. ती आधी माणसाला तपासून मग आपल्या यादीत घेई. तिची पाटी व्हॅनवर लागली की लोक दार उघडत. ते सरकारी लायसन्स नव्हे, पण आमच्या घरी त्याला लायसन्सच म्हणत.

त्या हिवाळ्यात त्याच्याकडे काम नव्हतं. नॉटिंगहॅमचा एक कंत्राटदार त्याला बोलावत होता. काम ड्रेनेजचं. दिवसभर चर.

"लायसन्स मिळाला तर मी जाणार नाही," मुलगा म्हणाला. "नाही मिळाला तर जायला लागेल, आई. व्हॉट एल्स?"

म्हणून ते लायसन्स त्याच्याइतकंच मला हवं होतं. त्याला ते मोठ्या कामांसाठी हवं होतं. मला हवं होतं ते त्याला कुणी खाली उतर म्हणू नये म्हणून.

लायसन्स मिळवायची रीत अशी. कुणाचं नुकसान झालं तर भरून द्यायचा विमा काढायचा. जुन्या गिऱ्हाइकांनी काम चांगलं झालं असं सांगायचं. साइटवरच्या धोक्यांची परीक्षा द्यायची. ती एका ऑफिसात कॉम्प्युटरवर असे, काचेवर बोट ठेवून उत्तर द्यायचं. शेवटी संघटनेचा तपासनीस चालू काम बघायला येणार. त्याला पटलं तर काम झालं.

परीक्षेचा अभ्यास तो स्वयंपाकघरात करायचा. मी पोळ्या लाटायची आणि तो प्रश्न मोठ्यानं वाचून मला मराठीत सांगायचा. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण कारखान्यात इतकी वर्षं इंग्रजी ऐकलेलं, त्यामुळे निम्मं तसंच कळे. बहुतेक प्रश्न सोपे होते. हेल्मेट फुटलं तर काय कराल? शिडीचा पाय हलत असेल तर काय कराल? एक प्रश्न आला: चर कमरेपेक्षा खोल आहे, बाजूंना आधार नाही, तुम्हाला खाली उतरायला सांगितलं, तुम्ही काय कराल?

मी लाटणं ठेवलं.

"उत्तर सांग."

"उतरणार नाही."

"परत सांग."

"आई, हा सोप्पा क्वेश्चन आहे."

"सोपा आहे म्हणूनच परत सांग."

परीक्षा होईपर्यंत तो जेवायला बसला की मी तोच प्रश्न विचारायची. तो तोंडात घास घेऊन 'उतरणार नाही' म्हणायचा. परीक्षेत तो प्रश्न आलाच नाही. तो पास झाला.

मग काम मिळालं मिल्टन कीन्सला. तिथं सॉफ्टवेअरवाला एक पुण्याचा मुलगा राहत होता. बायको, लहान मुलगी, आणि मुलाकडे राहायला आलेली आई. घराच्या मागे एक मोठी खोली वाढवायची होती. त्याच्या आई पुण्यात शाळेत शिकवायच्या, म्हणून मी त्यांना बाईच म्हणायची. बाई चांगल्या होत्या. सून-मुलगा गाडी काढून ऑफिसला गेले की त्या घरात एकट्या. तिथले रस्ते सगळे गोल फिरवणारे, दुकान लांब, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मराठी बोलणारं कुणी भेटावं म्हणून त्यांनी माझ्या मुलाला सांगितलं, एकदा आईंना घेऊन ये.

मला जायचं नव्हतं. पण पायाचं काम चालू असताना मी तिथं असावं असंही वाटत होतं. भीती वाटते तिथं न जाणं एक, आणि घरी बसून फोनची वाट बघणं एक. दुसरं जास्त वाईट.

मागच्या कुंपणाशी एक मोठं झाड होतं आणि जमीन चिकणमातीची. झाडाची मुळं पाणी ओढतात, मग माती आकसते, म्हणून पाया खोल हवा असं कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, माणसानं सांगितलेलं. मुलानं छोट्या डिगरनं, खणायच्या यंत्रानं, चर खणला. माणूस आत उभा राहिला तर वरून त्याचं डोकं दिसलं नसतं. पण त्यात कुणी उतरायचंच नव्हतं. कौन्सिलच्या माणसानं वरून तळ बघितला, ठीक म्हणाला. दुसऱ्या दिवशी, म्हणजे मी गेले त्या सकाळी, तपासनीस येणार, तो बघून गेला की काँक्रीटची गाडी येणार, चर भरून टाकणार. मुलानं हे मला व्हॅनमध्ये समजावलं, मी घाबरू नये म्हणून. रात्रभर पाऊस पडलेला होता, हे तो बोलला नाही. मला दिसतच होतं.

बाईंनी भूमिपूजन ठरवलेलं होतं. काँक्रीट पडायच्या आधी झालं पाहिजे. पुण्याच्या गुरुजींनी फोनवर मुहूर्त दिला होता, नेमका त्याच सकाळचा. विड्याची पानं, नारळ, सुपाऱ्या मीच ईलिंग रोडवरून नेल्या होत्या.

मुलानं बाईंना बजावलं, "मावशी, पूजा वर करायचा. लाइनच्या मागे. आत काही टाकायचा नाही, ओके?" त्यानं चरापासून लांब गवतावर लाल दोरी बांधली होती.

"हो रे बाळा, वरच," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात, "ताई, तुम्ही जरा लांब बसा हं. वाईट वाटून घेऊ नका. आमच्याकडे पूजेला सवाष्णच…"

"मला काही वाटत नाही," मी म्हटलं. खरंच वाटलं नाही. विधवेला लांब बसवायच्या रीतीचे मी त्या दिवशी आभार मानले. मी स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसले आणि चराकडे बघायचं टाळलं. ओल्या मातीचा वास मात्र येत होता. तो वास मला कुठंही ओळखू येतो.

मुलगा आणि त्याचा मदतनीस, एक पोलिश माणूस, समोरच्या बाजूला काँक्रीटच्या गाडीसाठी रस्ता मोकळा करायला गेले. मागे बाई, त्यांचा मुलगा आणि सून. मंत्र मोबाइलवरून लागले होते. मी आत चहा ठेवायला गेले आणि बाहेर किंचाळी ऐकू आली.

मी कशी धावले मला माहीत नाही. कुणी आत पडलं नव्हतं. झालं होतं असं की, कलश ईशान्येच्या कोपऱ्यात पायातच बसला पाहिजे असं बाईंच्या मनात होतं. वरवर पूजा करून त्यांचं समाधान होईना. त्यांनी आपल्या मुलाकडून तांब्याचा कलश दोरीनं खाली सोडवला. दोरी निसटली. कलश पालथा पडला, नारळ एकीकडे, चांदीचा इवलासा नाग चिखलात, अक्षता आणि फुलं सगळीकडे.

"पालथा पडला," बाई रडत म्हणत होत्या. "नव्या घराच्या पायात पालथा कलश! कुणीतरी जा रे, सरळ करा."

"मी जातो, दोन मिनिटं लागतील," त्यांचा मुलगा म्हणाला. पायात ऑफिसचे बूट.

तेवढ्यात माझा मुलगा पळत आला. त्यानं खाली बघितलं आणि कपाळावर हात मारला. "नो, नो, तुम्ही नाही. मागे या सगळे."

"मग तू जा ना बाळा," बाई म्हणाल्या. "तुझं तर रोजचंच काम. सरळ झाल्याशिवाय मी वर काँक्रीट ओतू देणार नाही. माझी नात राहणार आहे इथं."

त्यांचा मुलगा म्हणाला, "सॉरी, पण आई ऐकणार नाही. काम थांबवावं लागेल."

मी माझ्या मुलाचं तोंड बघितलं. तो हिशोब करत होता, मला वाचता येत होता. तपासनीस येईल, त्याला चरात नारळ आणि फुलं दिसतील, वर गिऱ्हाईक काम थांबवतंय. मग लायसन्स नाही. मग नॉटिंगहॅम. मग रोज चर. त्यापेक्षा आत्ता एकदाच, दोन मिनिटं.

"तो शिडी कुठे आहे?" त्यानं पोलिश माणसाला इंग्रजीत नाही, मराठीतच विचारलं. घाबरला की तो असंच करतो. त्या माणसाला काहीच कळलं नाही. मग मुलानं स्वतःच कुंपणाला टेकवलेली शिडी उचलली आणि चरात सोडली.

लाल दोरी ओलांडून मी त्याच्यामागे जाऊन उभी राहिले. त्यानं शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

मी म्हटलं, "चर कमरेपेक्षा खोल आहे. बाजूंना आधार नाही. तुम्ही काय कराल?"

"आई, नॉट नाऊ."

"काय कराल?"

"दोन मिनिटं, आई! तू मागे जा, इथे डेंजर आहे."

"मग तू कुठं चाललास?"

त्यानं दुसरा पाय उचलला. मी दोन्ही हातांनी त्याच्या जॅकेटची कॉलर पकडली. तो पैलवानासारखा आहे, मी तेव्हाही वाळकी काडी होते. त्यानं झटकलं असतं तर मी खाली गेले असते. पण म्हणूनच त्याला झटकता येईना. आम्ही दोघं तसेच उभे, तो शिडीवर एका पायानं आणि मी त्याच्या मानगुटीला. बाई म्हणाल्या, "अहो ताई, सोडा त्याला, पडाल!" मी सोडलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर माती होती. समोर चर दिसत नव्हता, जुना चर दिसत होता, आणि त्यातून बाहेर राहिलेलं डोकं.

"गुड मॉर्निंग," मागून कुणीतरी म्हणालं.

तपासनीस वेळेच्या आधी आला होता. उंच, सर्दी झालेला, हळू बोलणारा माणूस. तो धावला नाही, ओरडला नाही. त्यानं फक्त हात पुढं करून सगळ्यांना मागे यायला सांगितलं. मुलगा शिडीवरचा पाय काढून गवतावर आला. मी कॉलर तरीही सोडली नव्हती, बोटं उघडेनात. ती मुलानंच एकेक करून सोडवली.

तपासनिसानं चराकडे बघितलं, नारळाकडे बघितलं. मग जिथं शिडी टेकली होती तिथल्या गवताकडे नुसतं बोट दाखवलं. चराच्या कडेला समांतर एक भेग गेली होती. केसाएवढी. रात्री ती नसावी, असं नंतर मुलगा म्हणाला. मघाशी आम्ही सगळे त्या भेगेच्या पलीकडे, चराच्या बाजूला उभे होतो.

मग त्यानं माझ्या मुलाला विचारलं. मला इंग्रजी समजलं, सोपं होतं. तुझ्या आईनं तुला धरलं नसतं तर तू खाली गेला असतास का?

मला माहीत होतं, काय उत्तर दिलं तर लायसन्स मिळेल. 'नाही, मी फक्त शिडी बघत होतो' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. सगळ्यांना माहीत होतं. बाईंच्या मुलानं तर मान हलवून सुचवलंसुद्धा. आणि मी, जिनं त्याला धरून ठेवलं, मीही मनात म्हणत होते, खोटं बोल. एकदा खोटं बोल आणि नॉटिंगहॅमपासून सुटका करून घे.

माझ्या मुलानं माझ्याकडे बघितलं. "येस," तो म्हणाला. "मी गेलो असतो."

तपासनिसानं नाक पुसलं. म्हणाला, मग आज मी तुला पास करू शकत नाही. पुढचा पाया खणशील तेव्हा बोलव, मी परत येईन. एवढं बोलून तो गेला नाही, थांबला. डिगरच्या तोंडानं वरूनच तळ साफ कसा करायचा ते पोलिश माणसाला सांगत राहिला. डिगरनं कलश, नारळ, नाग, चिखल सगळं एका घासात वर आणलं. मातीत मळलेला कलश बाईंनी स्वतः नळाखाली धुतला.

"आता हो?" त्यांनी मला विचारलं. आवाजात शाळेची बाई राहिली नव्हती. "कुठं ठेवू?"

"त्या गुलाबाशी ठेवा. तो कोपराही ईशान्येचाच आहे."

"चालेल का?"

"मला काय विचारता? मला लांब बसवलं होतं ना तुम्ही."

बाई एकदम हसल्या, मग रडल्या, आणि मग त्यांनी माझा हात धरला. मला असं हात धरलेलं आवडत नाही, पण त्या दिवशी मी धरू दिला.

घरी येताना, वेम्बली जवळ आल्यावर, मुलगा म्हणाला, "लाय केला असता तर मिळाला असता."

"मिळालं असतं."

"तू रागावली आहे?"

"मी तुझ्याकडून खोटंच मागत होते," मी म्हटलं. "मनात."

"आय नो. मला दिसलं."

बाईंची खोली त्यानं पूर्ण केली. मग तो नॉटिंगहॅमला गेला. त्या महिन्यांबद्दल मी जास्त लिहीत नाही. संध्याकाळी तो फोन करायचा. तो बोलायच्या आधी मी विचारायची, चर कमरेपेक्षा खोल आहे, बाजूंना आधार नाही. तो म्हणायचा, "आधार लावलाय, आई. लोखंडाचा. मी बघितल्याशिवाय उतरत नाही." मी म्हणायची, शपथ घे. तो म्हणायचा, जेवलीस का? एकदा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आला, बॅटरी संपली होती म्हणे. ती रात्र मी स्वयंपाकघरात उभी राहून काढली, कारण बसलं की कान जास्त ऐकतात.

वसंतात बाई पुण्याला परत गेल्या. जाण्याआधी त्यांनी मुलाच्या मराठी मंडळातल्या प्रत्येकाला सांगितलं होतं, पोरगा खरं बोलतो, स्वतःचं नुकसान करून घेतो पण खरं बोलतो. त्यांच्या ओळखीतल्या एकांनी त्याला बोलावलं. पुन्हा मिल्टन कीन्स, पुन्हा मागची खोली, पुन्हा चिकणमाती. तोच तपासनीस आला, या वेळी सर्दी नव्हती. चराजवळ शिडी नव्हतीच. मुलानं ती व्हॅनला साखळीनं बांधून ठेवली होती. पूजा आधी झाली होती, बागेत, चर खणायच्या आधी.

त्याला लायसन्स मिळालं. पाटी व्हॅनवर लागली. मी ती बाहेर जाऊन बघितली, बोटानं दाबून नीट चिकटलीय का तेही बघितलं.

मला वाटलं होतं, आता भीती जाईल. ती गेली नाही. लायसन्स कागदावर असतं, चर जमिनीत असतो. आता गिऱ्हाईक त्याचं, घाई त्याची, काँक्रीटची गाडी त्याची, आणि त्याला उतर म्हणणारा माणूसही तोच.

अजूनही सकाळी तो निघाला की मी दारातून विचारते, "काय कराल?" व्हॅनचं दार लावता लावता तो ओरडतो, "उतरणार नाही!" शेजारच्यांना वाटतं आमच्यात असाच निरोप घेतात. मी त्याचं तोंड बघते, खोटं बोलतोय का ते. मग व्हॅन वळते आणि तोंड दिसेनासं होतं.